बेटापासून बेटापर्यंत : वैमानिक अमेलिया इअरहार्ट

आपल्या महिला मंडळास यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत प्रत्येकीने एकेका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा मी जरा मागेच बसले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा संबंध काय तो किराणा सामानाच्या यादीशी आणि भिशीच्या वहीशी. माझी पाळी येईपर्यंत जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी ही नावे इतर भगिनींनी घेऊनही टाकली होती. मग मी धीर करून अमेलिया इअरहार्ट हे नाव सांगितले. पुष्कळजणींनी एकमेकींकडे पाहिले. ही कोण बाई, असे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. त्यात त्यांचे काही चुकले नाही. मलाही वर्षापूर्वी हे नाव ठाऊक नव्हते.

गोष्ट अशी झाली. आमच्या धाकटीला शाळेत बक्षीस मिळालेला पृथ्वीचा गोल घरात आहे. गेल्या पावसाळ्यात ती वाचनालयातून एक पुस्तक घेऊन आली. त्यात एका बाईने विमानातून केलेल्या प्रवासाचा नकाशा होता. अमेरिकेतून निघालेली रेघ आफ्रिका, हिंदुस्थान, ब्रह्मदेश असे करीत अर्ध्याहून अधिक जगाला वळसा घालते आणि पॅसिफिक महासागरात एकाएकी संपते. मी शिवणाच्या डब्यातून दोरा काढला आणि ती रेघ गोलावर मोजू लागले. शेवटचा तुकडा न्यू गिनी बेटावरील लाए या गावापासून हाउलंड नावाच्या बेटापर्यंतचा होता. दोरा ताणला, पण ते दुसरे बेट गोलावर छापलेलेच नव्हते. इतक्या लहान बेटावर उतरायला कोणी बाई निघाली होती, हे मला खरे वाटेना. तेव्हापासून मुलगी इंग्रजीतले वाचून सांगत गेली आणि मी वहीत टिपून घेत गेले. त्या टिपणांवरून हे लिहिले आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, अॅचिसन या गावी, आजोळी झाला. आईचे वडील न्यायाधीश होते, त्यामुळे आजोळची स्थिती चांगली होती. पाठीवर एक बहीण, तिचे नाव म्युरिएल. लहानपणापासून अमेलियाला मुलींनी हे करू नये व ते करू नये हे पटत नसे. सात वर्षांची असताना तिने घरामागच्या खोपटाच्या छपरावरून खाली येणारी लाकडी घसरगुंडी तयार करविली आणि एका पेटीत बसून वरून खाली आली. पेटी फुटली, ओठाला लागले, फ्रॉक फाटला, पण बाईसाहेब मोठ्या खुशीत होत्या.

पुढचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. वडील वकील होते व आगगाडीच्या कंपनीकडे कामाला होते. त्यांना दारूचे व्यसन लागले आणि त्यापायी नोकरी गेली. बिऱ्हाड या गावाहून त्या गावी हलवावे लागले, शाळा बदलाव्या लागल्या. अशा घरातील मोठ्या मुलीला लवकर शहाणपण येते, हे आपल्यापैकी कित्येकींना सांगायला नको. अमेलियाने त्या वयात एक वही केली होती. पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या कामांत ज्या स्त्रियांनी नाव मिळविले, त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात आलेली कात्रणे ती त्या वहीत चिकटवीत असे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ती बहिणीला भेटायला कॅनडात टोरांटो येथे गेली. तेथे रस्त्यावर हातपाय गमावलेले सैनिक पाहून तिच्याने राहवेना. तिने शिक्षण अर्धवट सोडून लष्करी रुग्णालयात मदतनीस परिचारिकेचे काम धरले. १९१८ साली मोठ्या तापाची साथ आली, त्यात रात्रपाळ्या करून ती स्वतः आजारी पडली. नाकाच्या हाडातील ते दुखणे जन्मभर तिची पाठ सोडीना. पुढे इतकी उड्डाणे केली, ती हे दुखणे अंगावर काढीतच.

विमानाशी गाठ पडली ती २८ डिसेंबर १९२० रोजी. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे वडिलांबरोबर विमानांचे खेळ पाहायला गेली असता दहा डॉलर भरून दहा मिनिटे विमानात बसायला मिळाले. जमीन सोडून थोडे वर जाताच आपण उडायला शिकायचे हे तिच्या मनाने घेतले. पण शिकण्याचा खर्च हजार डॉलर. वडिलांना तो झेपेना. तेव्हा तिने टेलिफोन कंपनीत नोकरी धरली, मिळेल ते काम केले आणि पैसा जमविला. ३ जानेवारी १९२१ रोजी शिकवणी सुरू झाली. मौजेची गोष्ट ही की तिला शिकविणारीही एक बाईच होती. तिचे नाव नेटा स्नूक. थोड्याच दिवसांत घरच्यांची मदत घेऊन अमेलियाने एक जुने पिवळे विमान विकत घेतले व त्याचे नाव कॅनरी असे ठेवले. त्यातून ती १९२२ साली १४,००० फूट उंच गेली. स्त्री वैमानिकांमध्ये तो तेव्हा उच्चांक मानला गेला. १९२३ साली तिला वैमानिकाचा परवाना मिळाला.

भगिनींनो, येथून पुढे मी त्यांना अमेलियाबाई म्हणते, कारण येथून पुढे त्या स्वतःच्या हिमतीवर उभ्या आहेत. तसे पाहता परवाना मिळून सर्व काही सुरळीत झाले नाही. १९२४ साली आईवडिलांचा घटस्फोट झाला. पैसा संपला, विमान विकावे लागले. अमेलियाबाई आईला घेऊन पूर्वेकडे बोस्टन शहरात आल्या आणि तेथे परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी चालविलेल्या एका समाजसेवेच्या संस्थेत काम करू लागल्या. मुलांना शिकविणे, बायकांना इंग्रजी शिकविणे, घरोघर जाऊन चौकशी करणे अशी ती कामे होती. उडणे हे सुट्टीच्या दिवशी जमेल तेवढे.

१९२८ साली तेथेच त्यांना विचारणा झाली की अटलांटिक महासागर विमानातून पार करायला याल काय. तोवर कोणतीही स्त्री विमानातून हा महासागर ओलांडून गेली नव्हती. वैमानिक व यंत्रकार हे दोघे पुरुष होते आणि त्यांना मोबदला ठरलेला होता. अमेलियाबाईंना मोबदला काहीच नव्हता. त्या गेल्या. न्यूफाउंडलंड बेटावरील ट्रेपॅसी येथे हवा सुधारण्याची वाट पाहत जवळजवळ दोन आठवडे काढावे लागले. अखेर १७ जूनला विमान निघाले आणि ब्रिटन बेटावर, वेल्समधील बरी पोर्ट येथे उतरले. एका बेटावरून दुसऱ्या बेटापर्यंत २० तास ४० मिनिटे लागली. जगभर अमेलियाबाईंचा जयजयकार झाला, मिरवणुका निघाल्या. परंतु विमान आपण चालविलेच नव्हते, आपण नुसत्या सामानासारख्या बसून होतो, हे त्या उघडपणे सांगत असत. फुकटचा मान त्यांना टोचत राहिला. मला हा गुण फार मोठा वाटतो. दुसरी एखादी त्या कौतुकावर जन्म काढती.

१९२९ साली त्यांनी व इतर वैमानिक स्त्रियांनी मिळून एक मंडळ काढले. त्या वेळी साऱ्या अमेरिकेत परवाना मिळालेल्या स्त्रिया ११७ होत्या. सर्वांना पत्रे गेली. पहिल्या सभेस २६ जणी आल्या. नाव काय ठेवावे यावर एकमत होईना, तेव्हा जितक्या सभासद होतील तो आकडाच नाव म्हणून ठेवावा असे ठरले. ९९ जणी सभासद झाल्या, म्हणून मंडळाचे नाव नव्व्याण्णव. अमेलियाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ते मंडळ आजही चालू आहे. आपल्या मंडळाच्या पहिल्या सभेला सातजणी होत्या आणि नावावरून दोन महिने वाद झाला, हे जुन्या सभासदांना आठवत असेलच.

१९३१ साली त्यांचा विवाह प्रकाशक जॉर्ज पटनम यांच्याशी झाला. पटनम यांनी पुष्कळदा मागणी घातली तेव्हा कुठे बाईंनी होकार दिला. लग्नाच्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या हाती एक पत्र ठेवले. आपले काम चालूच राहील, आणि वर्षभरात सुख वाटले नाही तर मोकळे करावे, असा त्याचा आशय होता. आपल्याकडे हे वाचून कोणी नाक मुरडेल. पण त्या नवऱ्याने ते मान्य केले आणि पुढे प्रत्येक उड्डाणाच्या तयारीत तो त्यांच्या पाठीशी राहिला.

मनाला टोचणारे ते ऋण त्यांनी १९३२ साली फेडले. २० मे रोजी संध्याकाळी न्यूफाउंडलंड बेटावरील हार्बर ग्रेस येथून त्या एकट्या निघाल्या. बरोबर दुसरे कोणी नाही. रात्री उंची दाखविणारे यंत्र बंद पडले. काळोखात समुद्र किती खाली आहे हे कळेना. वर जावे तर पंखांवर बर्फ धरे आणि विमान गरगरत खाली येई. खाली यावे तर धुके. यंत्राच्या धुराड्याची नळी तडकली होती आणि तेथून ज्वाळा दिसत होत्या. सकाळी आयर्लंड बेट दिसले, तेव्हा त्या लंडनडेरी गावाजवळील एका कुरणात, चरणाऱ्या गाईंमध्ये उतरल्या. अंतर २,०२६ मैल, वेळ १४ तास ५६ मिनिटे. अटलांटिक एकटीने पार करणारी ही पहिली स्त्री. चार वर्षांपूर्वी सामानासारखे बसून २० तास ४० मिनिटे लागली होती. जवळजवळ तेवढाच समुद्र त्यांनी आता स्वतःच्या हाताने पंधरा तासांच्या आत ओलांडला.

जानेवारी १९३५ मध्ये हवाई बेटांपासून कॅलिफोर्नियातील ओकलंडपर्यंत २,४०८ मैल त्या एकट्या उडाल्या. सुमारे १८ तास लागले. या मार्गाने एकट्याने जाणारा त्यांच्याआधी पुरुषही नव्हता. त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठाने त्यांना मुलींना व्यवसायांविषयी सल्ला देण्यासाठी नेमले. मुलींनी काय शिकावे हे घराने किंवा गावाने ठरवू नये, त्यांच्या आवडीने ठरावे, असे त्या सांगत. त्या विद्यापीठाच्या मदतीने त्यांना लॉकहीड इलेक्ट्रा हे दोन यंत्रांचे विमान मिळाले आणि जगाच्या कमरेभोवती, म्हणजे विषुववृत्ताच्या जवळून, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा बेत ठरला. अंतर सुमारे २९,००० मैल.

या बेतात एकच जागा फार अवघड होती. पॅसिफिक महासागर एका दमात ओलांडता येईना. मध्ये कोठेतरी उतरून पेट्रोल भरायला हवे. त्यासाठी हाउलंड हे बेट निवडले. लांबी सुमारे दीड मैल, रुंदी अर्धा मैल, आणि उंची समुद्रापासून जेमतेम वीस फूट. झाड म्हणावे असे फारसे काही नाही, पक्षी मात्र हजारो. अमेरिकन सरकारने १९३७ साली तेथे मुद्दाम धावपट्ट्या तयार करविल्या.

पहिल्या खेपेस त्या पश्चिमेकडे निघाल्या. मार्च १९३७ मध्ये ओकलंडहून हवाई बेटांवर सुखरूप पोचल्या. तेथून हाउलंडसाठी निघताना, २० मार्चला, विमान धावपट्टीवरच फिरले आणि चाके मोडली. जिवाला धक्का लागला नाही. विमान बोटीने परत नेऊन दुरुस्त करावे लागले. दुरुस्तीत ऋतू बदलला, वारे बदलले, म्हणून दिशा उलटी केली आणि पूर्वेकडून निघण्याचे ठरले. पहिल्या बेतात हाउलंड बेट सुरुवातीलाच होते. आता ते प्रवासाच्या शेवटी आले. ताज्या दमाने करायचे अवघड काम थकल्यानंतर करण्याची पाळी आली.

१ जून १९३७ रोजी त्या मायामी येथून निघाल्या. बरोबर मार्ग काढणारे फ्रेड नूनन होते. सूर्य, तारे व घड्याळ यांवरून समुद्रात आपण कोठे आहोत हे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. दक्षिण अमेरिका, मग अटलांटिक, मग सबंध आफ्रिका ओलांडून १५ जूनला त्या कराचीस उतरल्या. कराची तेव्हा आपल्याच देशात होती, आणि १९३६ सालापर्यंत तर आपल्या मुंबई इलाख्यातच होती. तेथे बाई उंटावरही बसल्या. १७ जूनला कलकत्त्यास डमडम विमानतळावर आल्या तेव्हा पाऊस लागलेला होता व जमीन चिखल झाली होती. ब्रह्मदेशात अक्याबच्या पुढे पावसाने त्यांना एकदा मागे परतविले. पुढे बँकॉक, सिंगापूर, जावा, ऑस्ट्रेलियातील डार्विन असे करीत २९ जूनला त्या लाए येथे पोचल्या. २२,००० मैल झाले होते. ७,००० राहिले होते, आणि ते सगळे पाण्यावरून.

आता ज्या तुकड्यावर माझा दोरा अडला होता, त्याचा हिशोब सांगते. लाएपासून हाउलंडपर्यंत २,५५६ मैल, म्हणजे सुमारे ४,११३ किलोमीटर. मुंबईपासून कलकत्ता विमानाच्या वाटेने जितके दूर, त्याच्या अडीच पट. हल्लीचे मोठे विमान ताशी ८५० किलोमीटर धरले तर हे अंतर पाच तासांच्या आत कापील. अमेलियाबाईंना सुमारे १८ तास लागतील असा अंदाज होता. विमानात सुमारे १,१०० गॅलन पेट्रोल भरले होते. हे पेट्रोल वीस तासांहून थोडे अधिक पुरेल, असे हातात राखून गणित केले होते. आपणही महिन्याच्या शेवटचे चार दिवस धरून तांदूळ भरतो, तसेच.

परंतु आकाशातील हिशोबात वारा धरावा लागतो. मी मुलीला घेऊन वहीत एक उदाहरण सोडविले. विमान वाऱ्याशिवाय ताशी १५० मैल जाते असे धरू. २,५५६ मैलांना सतरा तास लागतील. आता समोरून ताशी २५ मैलांचा वारा आला, तर वेग १२५ राहील आणि त्याच अंतराला जवळजवळ साडेवीस तास लागतील. अंतर एक इंचही वाढले नाही, पण साडेतीन तास वाढले. दुसरी गोष्ट दिशेची. इतक्या लांबच्या वाटेवर दिशेत एका अंशाची चूक झाली, तर शेवटी विमान ४४ मैल बाजूला जाते. आणि गाठायचे बेट दीड मैलाचे. शिवणात सुरुवातीला एक धागा तिरपा गेला तर शेवटी कापड किती कमी पडते, हे आपण जाणतोच. म्हणून बेटाजवळ इटास्का नावाचे सरकारी जहाज उभे केले होते. त्याने रेडिओवरून दिशा दाखवावी आणि विमान बेटापर्यंत आणावे असे ठरले होते.

२ जुलै १९३७ रोजी सकाळी दहा वाजता विमान लाए येथून निघाले. पेट्रोलाने इतके जड झाले होते की धावपट्टीच्या अगदी टोकाला, समुद्राच्या कडेवर, कसेबसे उचलले गेले. रात्रभर उडून त्यांना हाउलंडवर पोचायचे होते तेही २ जुलैच्याच सकाळी, कारण वाटेत तारीख बदलणारी रेषा लागते.

पहाटे इटास्का जहाजावर बाईंचा आवाज ऐकू येऊ लागला. हळूहळू तो इतका स्पष्ट झाला की विमान अगदी जवळ असावे असे सर्वांना वाटले. पण जहाजावरचे लोक बोलत ते विमानात ऐकू येत नव्हते. बोलणे एका बाजूने चालले होते. एकदाच जहाजाची खूण कानी आल्याचे बाईंनी कळविले, परंतु तिच्यावरून दिशा काढता आली नाही. जहाजाने काळा धूर सोडला, तोही त्यांना दिसला नसावा. निघाल्यापासून १९ तास १२ मिनिटांनी त्यांनी कळविले की आपण बेटावरच असायला हवे, पण ते दिसत नाही आणि पेट्रोल संपत आले आहे. २० तास १३ मिनिटांनी शेवटचा निरोप आला. कोणत्या रेषेवरून आपण उत्तर दक्षिण फिरत आहो, एवढे त्यात सांगितले होते. त्यानंतर काही आले नाही.

अमेरिकेच्या आरमाराने युद्धनौका आणि लेक्सिंग्टन हे विमानवाहू जहाज पाठविले. सुमारे अडीच लाख चौरस मैल समुद्र धुंडाळला. १९ जुलैला शोध थांबविण्यात आला. चाळीस वर्षे पुरी व्हायला बाईंना तेव्हा थोडेच दिवस राहिले होते. जानेवारी १९३९ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत ठरविले. पेट्रोल संपून विमान समुद्रात बुडाले असावे असे बहुतेकांचे मत आहे. कोणी म्हणतात त्या दुसऱ्या बेटावर उतरल्या, कोणी म्हणतात जपान्यांच्या हाती लागल्या. परंतु विमान सापडलेले नाही. २०२४ साली समुद्रतळाच्या एका चित्रात विमान दिसल्याचा गाजावाजा झाला, पण नंतर तो खडक निघाला. हाउलंडवर त्यांच्या स्मरणार्थ एक मनोरा उभारला गेला. बेटावर आज वस्ती नाही. पक्ष्यांसाठी ते राखून ठेवले आहे.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट मनात सारखी येत होती, ती सांगून लेख संपविते. माझे माहेर वाळवे तालुक्यातील एका लहान खेड्यात. शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावी. मी सातवीत वर्गात दुसरी आले होते. गुरुजी घरी येऊन सांगून गेले. पण आमच्याकडे सर्वांचे एकच म्हणणे पडले की शाळा लांब आहे, मुलीच्या जातीला एवढे लांब धाडता येत नाही. झाले, माझे शिक्षण तेथे थांबले. ते लांब म्हणजे किती, हे कोणी मोजले नाही, मीही विचारले नाही. पुढे कित्येक वर्षांनी माहेरी गेले असता ह्यांच्या स्कूटरवरून त्या गावी जाण्याचा योग आला. आकडा पाहिला तर पाच किलोमीटर. दहा मिनिटांत आलो. परतताना मी काही बोलले नाही. ह्यांनी विचारले, तेव्हा डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितले.

आता आमच्या धाकटीचा नंबर नागपूरला, परिचारिकेच्या शिक्षणासाठी लागला आहे. येथून आगगाडीने एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग जातो. सासूबाईंचे म्हणणे पडले की लांब आहे. त्या माया म्हणून म्हणतात, हे मी जाणते. माझ्याही पोटात कालवते. अमेलियाबाईंची कथा वाचून भीती गेली असे मी म्हणणार नाही. त्यांचा शेवट तर तुम्ही वाचलाच. खरे सांगायचे तर त्यांच्याही तयारीत उणीव होती. ओझे कमी करण्यासाठी रेडिओची लोंबती लांब तार त्यांनी मायामीतच काढून ठेवली होती, आणि तारेची ठोक्यांची भाषा दोघांनाही सराईतपणे येत नव्हती. धाडस पुष्कळ होते, परंतु दोन्ही बाजूंनी बोलणे चालू राहील याची पक्की व्यवस्था नव्हती. यातून मी हेच घेतले की लांब म्हणून थांबायचे नाही, आणि लांब आहे हे विसरायचेही नाही. किती लांब, किती वेळ, वाटेत काय, पैसा किती, आणि अडले तर कोणाला हाक मारायची, हे बसून मोजायचे.

म्हणून एका रविवारी जेवणे झाल्यावर मी वही घेऊन सासूबाईंजवळ बसले. गाडी किती वाजता निघते, किती वाजता पोचते, वसतिगृह स्टेशनपासून किती दूर, वर्षाचा खर्च किती, भिशीतून किती येतील, रोज रात्री किती वाजता फोन करायचा आणि एक दिवस फोन आला नाही तर तेथे कोणाला विचारायचे, हे सर्व ओळीने वाचून दाखविले. सासूबाईंनी पुष्कळ वेळ ऐकून घेतले. मग उठून देवाजवळ दिवा लावला आणि मुलीला बरोबर द्यायला लाडू कधी करायचे, असे मला विचारले.

स्मरणिका तुमच्या हाती पडेल तेव्हा धाकटी नागपुरास असेल. पृथ्वीचा गोल तिने घरीच ठेवायचे ठरविले आहे. हाउलंड बेट त्यावर नव्हते, तेथे मी शाईने एक बारीक ठिपका दिला आहे.